पणजोबांचे सहा अनुस्वार

इंजिनीअरबाईंनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका टाकीची दाढी करत होते.

हे अलंकारिक बोलणं नव्हे. कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये माणसाएवढ्या लांबीची एक काळीभोर टाकी लाकडी घोडीवर आडवी पडली होती, आणि एक किडकिडीत गृहस्थ डाव्या हातात फेसाची वाटी अन् उजव्या हातात दाढीचा ब्रश घेऊन तिच्या गळ्याभोवती, हनुवटीखाली, कानामागे इतक्या मायेने फेस लावत होते की बोहल्यावर चढणाऱ्या नवरदेवाच्याही वाट्याला तेवढा येत नाही. मधूनच ते ब्रश थांबवत, चष्मा कपाळावर ढकलत, टाकीला नाक टेकवून फेसाकडे एकटक बघत राहत. मग दोन मिनिटांनी "हं" म्हणत आणि दुसऱ्या गालाकडे वळत.

बाईंचा नोकरीतला तो पहिला दिवस. वेळ सकाळी सव्वानऊची. पळून जायला अजून उशीर झाला नव्हता.

पण तेवढ्यात गृहस्थांनी ब्रश खिशात घातला, कोपऱ्यातली केरसुणी उचलली, ती तलवारीसारखी समोर धरली आणि रिकाम्या हवेवर चाल करून निघाले. एक पाऊल, थांबले. केरसुणी उजवीकडे, केरसुणी डावीकडे, केरसुणी वर. आणखी एक पाऊल. समोर शत्रू सोडा, माशीही नव्हती. बाईंनी मनातल्या मनात राजीनाम्याचा मसुदा तयार केला, 'कौटुंबिक कारणास्तव' इथपर्यंत आल्या, आणि केरसुणी त्यांच्या नाकापासून हातभर अंतरावर येऊन थांबली. तिच्यामागून गृहस्थांनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं, म्हणजे खरं तर फक्त नखांपाशीच न्याहाळलं, आणि ते बोलले.

"पण तुमच्या चपला कसल्या आहेत?"

पुढे तीन वर्षं त्यांच्याबरोबर काम करूनही बाईंना एका गोष्टीचं नवल वाटायचं थांबलं नाही. जगात सगळी माणसं आधी एक वाक्य बोलतात आणि मग 'पण' म्हणतात. या माणसाला आधीच्या वाक्याची गरजच नव्हती. त्याचं प्रत्येक बोलणं 'पण'पासून सुरू व्हायचं, जणू जगाने नुकतंच काहीतरी आगाऊ विधान केलं आहे आणि त्याला अडवणं भाग आहे. म्हणून वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, नातू तर सोडाच, जावईसुद्धा नसताना, सगळा कारखाना त्यांना पणजोबा म्हणत असे. त्यांना हे ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की नाव चांगलं आहे, पण तोंडावर म्हणा, कारण पाठीमागे म्हटलेलं कुठे गळतं ते कळत नाही.

ते कारखान्याचे सुरक्षा परीक्षक होते. नवीन यंत्र लोकांत न्यायच्या आधी त्यात काय काय बिघडू शकेल ते शोधून काढायचं, हे त्यांचं काम. कारखाना हायड्रोजनवर चालणारी बस बनवत होता. बसच्या मागच्या कपाटात फ्युएल सेल, त्याखाली टाक्या. टाकीतला हायड्रोजन आणि बाहेरची हवा सेलमध्ये एकत्र आली की वीज तयार होते, बस चालते आणि मागून धुराच्या जागी पाणी ठिबकतं. ऐकायला सगळं सोज्वळ. पण (हा शब्द संसर्गजन्य आहे) या वायूला वास नाही, रंग नाही, आणि दिवसाउजेडी पेटला तर त्याची ज्योतसुद्धा दिसत नाही. म्हणून केरसुणी. ज्योत माणसाला दिसली नाही तरी गवताला लागते. गळती शोधायला साबणाचा फेस, कारण बुडबुडा खोटं बोलत नाही. कारखान्याने या दोन्ही कामांसाठी परदेशी बनावटीची उपकरणं घेतली होती आणि पणजोबा ती वापरतही असत. नंतर मात्र खात्रीसाठी ब्रश फिरवत.

त्यांना डावी भुवई नव्हती. ती तेविसाव्या वर्षी एका स्टोव्हच्या कारखान्यात गेली. तयार स्टोव्ह तपासताना पलीकडचा जोडीदार म्हणाला होता, "झालं, लाव काडी." यांच्या ओठांवर 'पण' आला, वरिष्ठ समोर उभे होते म्हणून यांनी तो गिळला, आणि काडी लावली. यांची भुवई गेली. जोडीदाराचं काय गेलं ते त्यांनी बाईंना एकदाच सांगितलं आणि सांगताना स्वतःच्या उजव्या हाताची दोन बोटं मुठीत लपवली. त्या दिवशी गिळलेला तो एक 'पण' ते पुढची पस्तीस वर्षं बाहेर काढत होते.

बस तयार झाली तेव्हा पणजोबांच्या निवृत्तीला जेमतेम दोन महिने उरले होते. चौदा आसनांची, पांढरीशुभ्र, आरशासारखी. महिनाभर ती बाजार ते दवाखाना या रस्त्यावर खऱ्या लोकांना घेऊन धावायची होती. चालवणार होते कारखान्याचे जुने ड्रायव्हर, ज्यांना सगळे मामा म्हणत. मामांचा स्वभाव असा की समोर खड्डा दिसला तर आधी त्याची विचारपूस करतील आणि मग वळसा घालतील. पणजोबांचं आणि त्यांचं मेतकूट जमलं होतं. दोघं दुपारी शेडच्या दारात एकाच डब्यातून जेवत, आणि जेवताना पणजोबा मामांना सगळं काय काय बिघडू शकतं ते सांगत. मामा म्हणत की यामुळे त्यांना भूक चांगली लागते.

तपासणीच्या बैठका दहा दिवस चालल्या. पणजोबांनी बारा शंका काढल्या होत्या. अपघात झाला तर झडप आपोआप बंद होते का? होते; दाखवलं. होते, पण वीजच गेली तर? तरी होते, वीज तोडून दाखवलं. नळीचा सांधा धक्क्याने ढिला पडला तर? मामांनी बस मुद्दाम खडबडीत रस्त्यावरून शंभर फेऱ्या फिरवली आणि शंभरदा त्या सांध्याला फेस लागला. एकेक शंका फिटत गेली. इंजिनीअरबाईंनी तर या दहा दिवसांत झोप, भूक आणि स्वतःबद्दलचं बरं मत अशा तिन्ही गोष्टी गमावल्या, पण शेवटी बस खरोखर पक्की झाली. बाईंनी 'तपासले' या रकान्यात सही केली. अकरा शंका संपल्या होत्या. बारावी शंका कपाटाच्या छताची होती: गळती झालीच तर हायड्रोजन हलका, तो वर जाणार, छताला जाळीचं तोंड ठेवलं होतं, तिथून तो आकाशात निघून जाणार. तीही फिटली.

आणि मग पाटी आली.

कारखान्याचे मालक, म्हणजे मोठे साहेब, कवी होते. हे त्यांच्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं, आणि बसच्या निमित्ताने ते सगळ्यांना कळवायचं त्यांनी ठरवलं. बसच्या टपावर मागच्या बाजूला, बरोबर त्या कपाटाच्या वर, त्यांनी फायबरची एक भली मोठी टोपी बसवून घेतली. टोपीच्या दर्शनी अंगावर वीतभर उंचीच्या निळ्या अक्षरांत त्यांची ओळ होती: 'धूर नाही, धोका नाही, फक्त पाणी वाही.'

पणजोबांनी शिडी लावली, वर चढले, टोपीच्या कडेखाली हात घालून पाहिला आणि बराच वेळ वरच बसून राहिले. छताचं जाळीचं तोंड आता त्या टोपीच्या पोटात होतं. टोपी चारी बाजूंनी घट्ट, पालथ्या वाडग्यासारखी. गळती झाली तर हायड्रोजन जाळीतून वर येणार आणि वाडग्यात साठत राहणार. गळती ओळखणारा सेन्सर खाली कपाटात, त्याला वरचं काही कळणार नाही. 'धोका नाही' असं लिहिलेल्या पाटीनेच धोक्याला राहायला खोली बांधून दिली होती.

पणजोबांनी साहेबांना बोलावून प्रयोग करून दाखवला. एक लाल फुगा हायड्रोजनने भरला, कपाटाच्या छताची जाळी काढली आणि फुगा सोडला. तो तुरुतुरु वर गेला आणि टोपीच्या पोटाला टेकून तिथेच बसला. पणजोबांनी टोपीवर टकटक केलं. फुगा हलला नाही. त्यांची मागणी अगदी साधी होती: टोपीला वरच्या कडेजवळ थोडी भोकं पाडा, किंवा ती काढा.

साहेबांनी फुगा निरखून पाहिला. म्हणाले, "फुगा जाडा असतो हो. वायू बारीक असतो. तो कुठूनही निघून जाईल."

"पण बारीक आहे म्हणून तर तो आत येईल ना, साहेब," पणजोबा म्हणाले.

साहेबांनी ओळीला भोकं पाडू दिली नाहीत. ओळ म्हणजे काही चाळणी नाही, असं ते म्हणाले. बाहेर आमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या, त्यावर पाटीचा फोटो होता, सोमवार ठरला होता. दोन आठवडे होते. सही करा म्हणाले.

आता इथे त्या कागदाबद्दल सांगायला हवं. त्यात तीन रकाने होते: 'तयार केले', 'तपासले' आणि 'पाहिले'. शेवटचा पणजोबांचा. हा कागद एकोणीस वर्षांपूर्वी खुद्द पणजोबांनीच तयार केला होता. शेवटच्या रकान्यात 'मंजूर' लिहायला तेव्हा त्यांना संकोच वाटला. आपण कोण मंजूर करणारे? शिवाय त्यांची भाबडी समजूत होती की एकदा सुरक्षेच्या माणसाने पाहिलं म्हटल्यावर त्याचं न ऐकता पुढे जाण्याची कुणाची छाती होईल? झालं असं की नियमाप्रमाणे त्यांना कुठलीही गोष्ट नामंजूर करता येत नव्हती. त्यांना फक्त पाहता येत होतं. आणि पाहिल्याची सही झाली की यंत्र बाहेर पडायला मोकळं.

पणजोबांनी मग एकच मार्ग उरला म्हणून तो पत्करला. त्यांनी जाहीर केलं की त्यांनी पाटी पाहिलेलीच नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते शेडमध्ये पाठमोरे शिरू लागले. बसकडे पाठ करून चालत, बसकडे पाठ करून जेवत. एकदा पाठमोरे चालताना फेसाच्या बादलीत बसले, तरी मान वळवली नाही. मामांनी त्यांना आपला उन्हाचा काळा चष्मा दिला, त्याच्यावर आतून कागद चिकटवून. दोन दिवस सारा कारखाना कामधाम सोडून हा सामना पाहत होता. तिसऱ्या दिवशी साहेबांनी पाटीचा फोटो दारभर मोठा करून, चौकट घालून, पणजोबांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावायला पाठवला. शिपायाने तो लावला आणि अदबीने सांगितलं, "साहेबांनी विचारलंय, आता पाहिलं का."

पणजोबांनी चष्मा काढला. "पण यात आतली बाजू दिसत नाही," ते म्हणाले. पण आवाज पडला होता.

इंजिनीअरबाई आपली 'तपासले'ची सही मागे घ्यायला साहेबांकडे गेल्या. सही टोपी येण्याआधीची आहे, टोपी नकाशात नव्हतीच, असं त्यांनी नीट मांडलं. साहेब फार प्रेमाने वागले. चहा मागवला. म्हणाले, नकाशा एकदा बंद झाला की सही मागे घेण्याची सोय नाही. आणि मग टेबलावरच्या फायलींच्या गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्हाला कायम करण्याचीही फाइल यातच कुठेतरी आहे. बघा ना, मला वाचायला वेळच मिळत नाही." बाईंनी चहा संपवला. कपात साखर जास्त होती आणि तेही त्या बोलल्या नाहीत.

रविवारी बाई नकाशाची गुंडाळी घेऊन पणजोबांच्या घरी गेल्या. दोन खोल्यांचं घर, सगळ्या खिडक्या सताड उघड्या. बाहेर गारठा असल्यामुळे पणजोबांच्या पत्नी आत स्वेटर, कानटोपी आणि वर शाल अशा थाटात वावरत होत्या. त्या प्राथमिक शाळेच्या निवृत्त शिक्षिका होत्या. तीस वर्षं मुलांच्या शुद्धलेखनातल्या चुका काढून झाल्यावर आता त्यांच्याकडे एकच विद्यार्थी उरला होता.

"या घरात खिडकी लावायची नाही," त्यांनी बाईंना सांगितलं. "शेगडी पेटवायच्या आधी पाच मिनिटं वास घ्यायचा. 'चहा घेता का' म्हटलं तर म्हणतात, 'पण दूध पाहिलंस का?' लग्नात अंतरपाट धरला होता ना, तेव्हाही यांनी आधी अंतरपाट कशाचा आहे ते विचारलं होतं. पेट घेतो का म्हणून."

"पण सुतीच होता," पणजोबा म्हणाले. "पण विचारलेलं बरं."

नकाशा जमिनीवर पसरला. पाटीचा फोटो बाजूला. पणजोबांनी गणित मांडलं होतं. वरच्या कडेला लिंबाएवढी सहा भोकं पडली तर पुरे होती. सहाच. पण अक्षरांच्या मधून भोकं साहेब पाडू देणार नव्हते. दोघं फोटोकडे बघत बसले. स्वयंपाकघरातून येताना पत्नीनेही वाकून पाहिलं आणि शाळेतल्या सवयीने ओठ मुडपले.

"सबंध ओळीत एक अनुस्वार नाही," त्या म्हणाल्या. "असते तर त्यांनाच भोकं पाडली असती. टिंबं नाहीतरी डोक्यावर रिकामीच बसलेली असतात."

पणजोबांनी चष्मा कपाळावर ढकलला. अनुस्वार. अक्षराच्या डोक्यावर, म्हणजे पाटीच्या वरच्या अंगाला, म्हणजे नेमकं जिथे हवं तिथे. गोल. लिंबाएवढा. भोक असलं तरी लांबून टिंबच दिसणार. ओळीला धक्का नाही, साहेबांना धक्का नाही, वायूला वाट.

त्या दुपारी एका सुरक्षा परीक्षकाने, एका इंजिनीअरने आणि एका शिक्षिकेने मिळून कविता केली. जगात इतक्या काटेकोर हिशोबाने कविता कधी झाली नसेल. पणजोबा दर दोन मिनिटांनी अनुस्वार मोजत. तीन झाले, चार झाले. एकदा त्यांनी 'पाणी'च्या डोक्यावर सरळ टिंब दिलं, तेव्हा पत्नीने हातातला शिसपेन्सिलीचा तुकडा त्यांच्या बोटांवर मारला. भोक हवं म्हणून कुठेही अनुस्वार देता येत नाही, असं त्या म्हणाल्या, वायूपेक्षा व्याकरण जुनं आहे. चार वाजता कॅलेंडरच्या पाठीवर ओळ उतरली:

'नुसतं पाणी सांडतं, धुराचं नाव संपतं.'

बाईंनी मोजलं. सहा. पणजोबांनी मोजलं. सहा. त्यांना आणखी एका गोष्टीचा आनंद झाला होता, तो त्यांनी निघताना दारात सांगितला. या ओळीत 'धोका नाही' असं कुठे म्हटलेलं नाही.

सोमवारी बाईंनी ती ओळ साहेबांसमोर ठेवली. तुमच्याच ओळीवरून सुचलं, असं म्हणाल्या. साहेबांनी ती तीनदा वाचली, एकदा मोठ्याने, एकदा डोळे मिटून, आणि एकदा खिडकीकडे बघत. मग म्हणाले, "'नाव संपतं' हे तर मीच परवा गाडीत म्हणालो होतो." अशी ती ओळ साहेबांची झाली. कुणाचीच हरकत नव्हती. नवी टोपी बनवायला द्यायची आणि पत्रिका पुन्हा छापायच्या ठरल्या. बाईंनी कामाची चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहिली: 'सहाही अनुस्वार आरपार.'

त्या आठवड्यात पणजोबा तोंड पुढे करून शेडमध्ये शिरू लागले. मामांना चष्मा परत मिळाला. बाईंना तीन आठवड्यांत पहिल्यांदा जेवणाची चव कळली.

चिठ्ठी साहेबांच्या सचिवाकडून जायची होती. सचिव हा नीटनेटका, कागदाला कागद लावून ठेवणारा माणूस. त्याने चिठ्ठी वाचली आणि थबकला. अक्षर ठळक असतं, तिरकं असतं, बारीक असतं. आरपार अनुस्वार त्याने कधी ऐकला नव्हता. बाई इंजिनीअर आहेत, भाषेत कच्च्या असणार, असा विचार करून त्याने मोठ्या मनाने चूक दुरुस्त केली आणि चिठ्ठी नव्याने टाइप केली: 'सहाही अनुस्वार ठळक.'

शनिवारी टोपी आली आणि टपावर बसली ती कापडात गुंडाळूनच, कारण सोमवारी तिचं अनावरण होतं. कापड काढायला साहेबांची मनाई. बाईंनी सचिवाला फोन करून विचारलं, अनुस्वार सांगितल्याप्रमाणे झालेत ना? सचिव म्हणाला, "ताई, असे झालेत की दवाखान्यापासून बाजारापर्यंत दिसतील." बाईंना वाटलं, उजेड आरपार जात असणार.

रविवारी टाक्या भरल्या.

सोमवारी सकाळी शेडसमोर खुर्च्या मांडल्या होत्या, पाहुणे बसले होते, ऊन स्वच्छ पडलं होतं. साहेबांनी दोरी ओढली, कापड खाली आलं, टाळ्या झाल्या. निळ्या अक्षरांवर सहा अनुस्वार झळकत होते. पांढरेशुभ्र, टपोरे, प्रत्येकाला लाल कड. उन्हात अगदी भरीव दिसत होते. बाई शिडीवर चढल्या, लोकांना वाटलं फोटो काढायला, आणि त्यांनी 'नुसतं'च्या टिंबावर बोट दाबलं. बोटाला ओला रंग लागला. बाकी काही झालं नाही.

मामा एव्हाना काय समजायचं ते समजले होते. ते आत जाऊन ड्रिल घेऊन आले आणि पणजोबांच्या हातात देऊन हळूच म्हणाले, "दहा मिनिटांचं काम आहे. मी पाहुण्यांना पुढे स्टिअरिंग दाखवतो तोवर."

पणजोबांनी ड्रिल घेतलं. दोन पावलं शिडीकडे टाकली. आणि ते थांबले. शेडच्या भिंतीवर, त्यांच्याच अक्षरात, त्यांनीच एका सुट्टीच्या दिवशी रंगवलेला नियम होता. नियम चौथा: टाक्या भरल्यानंतर गाडीला छिद्र पाडणे, घासणे, ठोकणे सक्त मना. टाक्या रिकाम्या करून आतून धुऊन काढायला आख्खा दिवस लागतो. इतकी वर्षं त्या नियमाने त्यांनी इतरांना अडवलं होतं, आणि आता कुणीही अडवत नव्हतं. साहेब पाठमोरे होते. मामा डोळ्यांनी 'चढा' म्हणत होते. पणजोबा ड्रिल हातात धरून भिंतीकडे बघत उभे राहिले. बाईंना त्या क्षणी त्यांच्या तोंडून दुसरा कुठलाही शब्द चालला असता.

"पण टाक्या भरल्यात," ते म्हणाले, आणि ड्रिल मामांना परत दिलं.

त्यांनी एक दिवस मागितला. साहेबांनी खुर्च्यांकडे हात केला, त्यांवर बसलेल्या लोकांकडे केला, आणि मग कागद पुढे केला. पणजोबांनी 'पाहिले'च्या रकान्यात सही केली. सहीपुढे स्वल्पविराम दिला आणि लिहिलं: 'पण'. पुढचं लिहायला रकान्यात जागा नव्हती. तो रकानाही त्यांनीच आखला होता. नंतर कागद टाइप करताना सचिवाने ते अर्धवट राहिलेलं वाक्य म्हणून गाळलं.

जाऊ नका, असं पणजोबा मामांना बोलले नाहीत, नुसते समोर उभे राहिले. मामांनीच उत्तर दिलं. "मी नाही गेलो तर दुसरा जाईल, पणजोबा. त्याला केरसुणी कशाला ते तरी माहीत आहे का?" आणि ते चढले. मग लोक चढले, चौदा जण, कुणी पिशव्या घेऊन, कुणी औषधाची चिठ्ठी घेऊन. सगळ्यांच्या शेवटी पणजोबा चढले. मागच्या सीटच्या मागे, कपाटाला टेकून, एका उलट्या बादलीवर बसले, गुडघ्यांत केरसुणी उभी, खिशात ब्रश.

तीस दिवस ते रोज तिथेच बसत. प्रत्येक थांब्यावर उतरून सांध्यांना फेस लावत, दोन मिनिटं बघत, 'हं' म्हणत, पुन्हा चढत. प्रवाशांना वाटे, हा केरसुण्या विकणारा दिसतो, आणि फार दिवस याची एकही खपलेली नाही. एका आजीबाईंनी दया येऊन ती घ्यायची तयारीही दाखवली. पणजोबांनी त्यांना समजावलं की देता येत नाही, पण तुमच्या काठीचं खालचं रबर झिजलंय, ते बदला.

बाई कार्यालयात सेन्सरच्या आकड्यांसमोर बसून असत. आकडा शून्य होता. सेन्सर जिथे नव्हता तिथला आकडा त्यांना कुठूनच मिळणार नव्हता. दहाव्या दिवशी त्या बसमध्ये चढल्या आणि दांडा धरून त्यांच्या बादलीशेजारी उभ्या राहिल्या. दोन थांबे गेल्यावर विचारलं.

"सर, समजा झालंच काही. तर तुम्ही इथे बसून काय करणार?"

पणजोबांनी केरसुणीच्या काड्या सारख्या केल्या. बस दवाखान्याच्या वळणावर आली, मामांनी एका कुत्र्याला वाट दिली.

"काही नाही," ते म्हणाले. बाईंनी त्यांच्या तोंडून 'पण'शिवाय सुरू झालेलं ऐकलेलं हे पहिलंच वाक्य. "काय करणार, पोरी. पाहीन."

तिसाव्या दिवशी चाचणी संपली. काहीही झालं नाही. सांध्यातून कधी काही गळलं की नाही, गळलं असेल तर टोपीत किती साठलं, हे कुणालाही सांगता आलं नसतं, आणि कुणी विचारलंही नाही. अहवालात लिहिलं गेलं: सुरक्षेबाबत एकही घटना नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस पणजोबांचा निरोप समारंभ झाला. साहेब भाषणात म्हणाले की या गृहस्थांनी आपल्याला एकोणीस वर्षं घाबरवलं, पण बघा, आपण सगळे इथे आहोत. सगळे हसले, पणजोबाही हसले. त्यांना भेट म्हणून विजेवर चालणारं दाढीचं यंत्र दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि त्याची वायर किती जाडीची आहे ते विचारलं.

बाईंची फाइल वाचली गेली. त्या कायम झाल्या. पणजोबांची जागा भरली नाही. 'पाहिले'चा रकाना आता बाईच भरतात.

हायड्रोजन पुरवणाऱ्यांशी करार पुढे वाढला नाही, म्हणून बस मागच्या शेडमध्ये ठोकळ्यांवर उभी आहे. बाजार ते दवाखाना या रस्त्यावर मामा आता डिझेलची बस चालवतात. साहेबांची ओळ वाया जाऊ नये म्हणून टोपी तिच्यावर चढवली. ती टपावर नीट बसेना, तेव्हा सहाही अनुस्वारांना आरपार भोकं पाडून त्यांत नट-बोल्ट कसले.